जोडकामाचे पैसे कोण देणार?

रमजान लागला की मुंबईत मोहम्मद अली रोडवर, भिवंडीत, मालेगावात व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर पावतीपुस्तके घेतलेली माणसे येऊ लागतात. कुणी मोहल्ल्यातल्या बैतुलमालचा, म्हणजे सामायिक मदतनिधीचा, कार्यकर्ता असतो, कुणी वसतिगृहाचा चिटणीस, कुणी उत्तर प्रदेश-बिहारमधल्या मदरशाचा सफीर, म्हणजे वर्गणी गोळा करणारा प्रतिनिधी, सोबत ओळख पटवणारा तस्दीकनामा बाळगणारा. पावतीच्या पातळ कागदावर बहुधा चार रकाने असतात : जकात (वर्षाचे बंधनकारक दान), फित्रा (ईदआधीचे दान), सदका (ऐच्छिक दान) आणि लिल्लाह (कोणत्याही सत्कार्यासाठी खुली देणगी). देणारा कोणत्या रकान्यापुढे खूण करतो, त्यावर ते पैसे कशासाठी वापरता येतील हे ठरते. दुकानदार खूण करतो, रक्कम देतो, पावती खिळ्याला अडकवतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. महिनाभरात एकाच खिळ्यावर पंधरा-वीस संस्थांच्या पावत्या जमतात. त्या संस्थांपैकी कित्येक एकाच शहरात, एकाच प्रकारच्या कुटुंबांसाठी, एकच काम करत असतात आणि एकमेकींच्या कचेरीची पायरीही चढलेल्या नसतात. देणगीदार याला कंटाळलेले आहेत. ‘तुम्ही सगळे एकत्र का येत नाही?’ हा प्रश्न प्रत्येक विश्वस्ताने ऐकलेला असतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर बरेचसे विचारणाऱ्याच्याच हातात आहे. रेशन किटसाठी, फीसाठी, वर्गखोलीसाठी पैसे मिळतात. दोन संस्थांना जोडणाऱ्या कामासाठी कोणत्याही पावतीवर रकाना नाही, आणि ज्याला पैसे नाहीत ते काम होत नाही.

या प्रश्नाची निकड गेल्या काही वर्षांत वाढली आहे. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने देशातल्या मुस्लिमांच्या शिक्षणाचे, रोजगाराचे आणि कर्जपुरवठ्याचे चित्र आकड्यांनिशी मांडले. महाराष्ट्र सरकारने २००८ साली नेमलेल्या मेहमूद-उर-रहमान समितीने राज्यापुरते तेच काम केले. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात मुस्लिम सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे लोकसंख्येच्या साडेअकरा टक्के. सच्चर अहवालानंतर सरकारी शिष्यवृत्त्या वाढल्या आणि सामाजिक संस्थांनी आपले बळ लोकांना त्या योजनांपर्यंत पोचवण्याकडे वळवले. मग ओघ उलटला. २०२२-२३पासून केंद्राने मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरती ठेवली, पीएचडी करणाऱ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद केली आणि १९८९ साली स्थापन झालेले मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन २०२४मध्ये गुंडाळायला घेतले. सरकारने कारणे दिली : आठवीपर्यंतचे शिक्षण कायद्यानेच मोफत आहे, फेलोशिप इतर योजनांशी जुळणारी आहे. ती कारणे कुणाला पटोत न पटोत, भार आला तो समाजाच्या संस्थांवर. इतक्या मोठ्या मागणीसमोर विखुरलेली मदत पुरी पडत नाही, हे हिशेबाची साधी वही चाळली तरी कळते.

एकत्र येणे या समाजाच्या स्वभावात नाही, असे जे सहज बोलले जाते ते इतिहासाला धरून नाही. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली, तेव्हा तिच्या संस्थापकांत सुलेमानी बोहरा घराण्यातले बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन तय्यबजी होते आणि कोकणी मुस्लिमांतले जहाजमालक नाखुदा मोहम्मद अली रोगेही होते. त्या काळात या जमातींचे रोटीबेटीचे व्यवहार वेगळे, मशिदी वेगळ्या, घरात बोलायच्या भाषा वेगळ्या. शाळा मात्र एक निघाली. व्हीटी स्टेशनसमोरची तिची १८९३ची इमारत आजही उभी आहे आणि संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांची संख्या नव्वदीच्या पुढे गेली आहे. अंजुमनने कुणालाही आपली जमात सोडून यायला सांगितले नाही, ही यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट. बोहरा बोहराच राहिले, कोकणी कोकणीच. मान्य केली ती एकच गोष्ट : मुलांना इंग्रजी शिक्षण हवे आणि ते कुणा एका जमातीला एकटीने पेलणारे नाही. पुढे १८८७मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन हे मुत्सद्दी होते यात शंका नाही, पण संस्था टिकली ती त्या मर्यादित, स्पष्ट करारामुळे.

आज ‘मुस्लिम नेतृत्वाच्या संस्था’ असे म्हटले की एकसारख्या संस्थांचा गठ्ठा डोळ्यांपुढे येतो, आणि निधी देणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. मुंबईतल्या मेमन, खोजा, बोहरा, कोकणी जमातींचे जुने न्यास आहेत. त्यांच्याकडे मालमत्ता आहे, शिस्त आहे, पण मदतीचा हात बराचसा आपल्या जमातीपुरता. दुसरीकडे बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मुलाणी, शिकलगार, खाटीक, मोमीन अशा मराठी मुलखातल्या बिरादऱ्या आहेत. शब्बीर अन्सारींनी जालन्याहून उभ्या केलेल्या आणि दिलीपकुमारांनी पाठबळ दिलेल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने यांचा प्रश्न ऐरणीवर आणला, पण त्यांच्या तालुका पातळीवरच्या संघटनांकडे एखाद्या पगारी कारकुनाचीही सोय नसते. तिसरा प्रवाह सुधारणेचा. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले; त्याआधी १९६६मध्ये सात महिलांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता. पुढे आवाज-ए-निस्वाँ ही महिला संघटना आली, २००७पासून भारतीय मुस्लिम महिला आंदोलन काम करू लागले. हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यात महिलांना प्रवेश मिळवून देणारा २०१६चा उच्च न्यायालयाचा निकाल या आंदोलनाच्या कार्यकर्त्यांच्या याचिकेवरचा. यांच्यात आणि उलेमांच्या संघटनांत मूलभूत मतभेद आहेत आणि ते चहाच्या टेबलावर मिटणारे नाहीत. मिटावेत असा आग्रहही नको. ‘एकजूट’ या शब्दाची भीती सर्वांत जास्त कुणाला वाटत असेल तर ती स्त्रियांच्या संघटनांना, कारण एकजुटीच्या नावाखाली गप्प बसण्याची पाळी त्यांच्यावरच येते. म्हणून सहकार्यासाठी निधी द्यायचा तर तो समाजाला एका सुरात बोलायला लावण्यासाठी देऊ नये. ठरावीक काम ठरावीक मुदतीत मिळून करण्यासाठी द्यावा.

अशा कामाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे शिष्यवृत्ती. जून-जुलैत एखाद्या विद्यार्थिनीची आई प्लास्टिकची फाइल घेऊन हिंडत असते. फाइलमध्ये रेशनकार्ड, आधार, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, कॉलेजचे बोनाफाईड, फीची पावती, बँक पासबुकाचे पहिले पान, आणि सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स. एका न्यासाला जमातीचे पत्र हवे, दुसऱ्याला मशिदीच्या इमामांचे. एकजण फी भरल्याची मूळ पावती ठेवून घेतो, मग दुसरा ‘मूळ प्रत आणा’ म्हणून परत पाठवतो. एका ठिकाणी मुलाखत, दुसरीकडे घरभेट. एका कचेरीत मंगळवारी दुपारी अर्ज घेतात, दुसरीत शनिवारी. आई धुण्याभांड्याची किंवा शिलाईची कामे करणारी असेल तर प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी. एवढे करून हुशार, बोलक्या, ओळखी असलेल्या घरातल्या मुलाला तीन न्यासांकडून मिळून फीपेक्षा जास्त पैसे मिळतात आणि बुजऱ्या मुलीला कुठूनच मिळत नाहीत. यात कुणाचीही लबाडी नाही. प्रत्येक न्यास आपल्यापुरता प्रामाणिक आहे. एकाला दुसऱ्याची यादी दिसत नाही, एवढेच.

उपाय सगळ्यांना ठाऊक आहे : एकच अर्ज, एकच पडताळणी आणि सर्वांना दिसेल अशी यादी. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. समजा, एका शहरातल्या दहा न्यासांनी मिळून पाच हजार मुलांना सरासरी दहा हजार रुपये दिले, तर वाटप पाच कोटींचे झाले. अर्ज तपासायला दोन माणसे, साधी संगणकप्रणाली आणि घरभेटींचा प्रवासखर्च मिळून वर्षाला दहा लाख धरले तरी तो खर्च दोन टक्के येतो. दुबार वाटप टळल्याने आणि दहा कचेऱ्यांतली तीच-ती मेहनत वाचल्याने तो सहज भरून निघावा. तरी हे होत नाही, कारण ते दहा लाख कुणाचेच नसतात. आपल्या देणगीदारांचे पैसे दुसऱ्यांचे अर्ज तपासायला का द्यायचे, असे प्रत्येक विश्वस्त मंडळ म्हणते, आणि त्यांच्या जागेवरून पाहिले तर ते चुकीचेही नाही. शिवाय एक न बोललेली धास्ती असते : लाभार्थ्यांची यादी दिली की उद्या देणगीदारांचीही बाहेर जाईल. या धास्तीवर उपदेश चालत नाही. सगळ्यांनी मिळून नेमलेला, कुणाचाही नातेवाईक नसलेला माणूस आणि लेखी नियम लागतात. त्यालाही पैसे पडतात.

यावर पहिला आक्षेप धार्मिक स्वरूपाचा आणि वजनदार आहे. जकात ही गरिबाची अमानत आहे, ती बैठकांवर आणि पगारांवर का घालवायची? कुराणात सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत आणि त्यांत जकात गोळा करून वाटणारे आमिलही आहेत. म्हणजे वाटपाच्या व्यवस्थेला खर्च लागतो हे तिथेच गृहीत धरलेले आहे. पण आजच्या खासगी संस्थेच्या नोकराला आमिल म्हणता येईल का, यावर उलेमांत एकमत नाही. हनफी परंपरेत जकात गरजूच्या मालकीची करून देण्याचा, म्हणजे तमलीकचा, आग्रह आहे. त्यामुळे इमारत, पगार, संगणक यांवर जकात खर्चायला अनेक संस्था धजत नाहीत. या संकोचाचा मान राखावा. किंबहुना जोडकामासाठी वेगळ्या निधीची गरज याच संकोचातून सिद्ध होते. जकात पूर्णपणे गरजूकडे जावी असे वाटत असेल तर ती नीट पोचवण्याचा खर्च दुसऱ्या खिशातून यायला हवा : लिल्लाहमधून, मोठ्या देणगीदारांच्या फाउंडेशनकडून, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या रकमेतून. जो देणगीदार सांगतो की माझा रुपया पूर्णच्या पूर्ण गरिबाला मिळावा, त्याचा रुपया खरोखर तसा पोचवता येईल तो दुसऱ्या कुणीतरी वाटेचा खर्च उचलला तरच.

पैसे एकत्र करून काय साधते, हे इचलकरंजीने २०२० साली दाखवून दिले. कोविडच्या पहिल्या लाटेत, त्या वर्षीच्या रमजानमध्ये तिथल्या मुस्लिम समाजाने जकातीसह गोळा केलेले ३६ लाख रुपये इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांच्या अतिदक्षता विभागासाठी दिले. ईदच्या दिवशी तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी दूरदृश्य प्रणालीने त्याचे लोकार्पण केले. सरकारी रुग्णालयातल्या खाटेवर कुणाचे नाव नसते, कोणत्याही धर्माचा रुग्ण तिथे येतो. विखुरलेल्या जकातीतून हे कधी झाले नसते. पण अशी कामे बहुधा संकटात होतात. पूर आला, साथ आली की माणसे जवळ येतात आणि लाट ओसरली की आपापल्या पावतीपुस्तकाकडे परततात. टिकणारे सहकार्य कशाने होते, याचा धडा भिवंडीत आहे. १९८४च्या भीषण दंगलीनंतर १९८८मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्ती-वस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि हवालदार ठरलेल्या दिवशी एकत्र बसत, नळाच्या भांडणापासून सगळे बोलत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या समित्या सेवाभावी संस्था नव्हत्या, त्यांचा उद्देशही वेगळा. तरी एक गोष्ट थेट लागू पडते : विश्वास आणीबाणीत तयार होत नाही. काही विशेष घडत नसताना होणाऱ्या कंटाळवाण्या बैठकांत तो साठतो. मोठ्या परिषदेला, हॉल-बॅनर-जेवणावळीला देणगीदार सापडतो, पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारच्या दोन तासांच्या बैठकीला सापडत नाही. खरी गरज त्या दोन तासांची आहे.

आता कायद्याकडे वळू, कारण इथे हेतू चांगला असून भागत नाही. २०२०च्या दुरुस्तीने परदेशी देणगी कायद्यात दोन बदल केले : मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या कोणत्याही संस्थेला पुढे देण्यास पूर्ण बंदी, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्के. मोठ्या संस्थेने निधी आणायचा आणि गावोगावच्या लहान संस्थांना वाटून त्यांना जोडून घ्यायचे, हा सहकार्याचा सर्वांत रुळलेला मार्ग त्या दुरुस्तीने बंद झाला. हा फटका मुस्लिम संस्थांपुरता नाही, सर्वांनाच बसला. देशी पैशाचेही तसेच. २०२३च्या वित्त कायद्यानुसार एका न्यासाने दुसऱ्याला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच रक्कम देणाऱ्या न्यासाचा धर्मादाय खर्च म्हणून धरली जाते. म्हणजे पैसा एका संस्थेकडून दुसरीकडे गेला की हिशेबात घट पडते. त्यात मुस्लिमांच्या संस्था दोन कायदेशीर घरांत विभागलेल्या : काही वक्फ मंडळाखाली, काही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले सार्वजनिक न्यास. मुस्लिमांचा प्रत्येक सार्वजनिक न्यास वक्फ ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात २०२२मध्ये स्पष्ट केले, तोवर कित्येक न्यास वर्षानुवर्षे अधांतरी होते. यातून निघणारा निष्कर्ष व्यावहारिक आहे. सहकार्याचा निधी एका ‘शिखर संस्थे’ला देऊन बाकीच्यांना तिच्या दाराशी उभे करू नये. कायदाही आडवा येतो आणि मानापमानही. सहभागी संस्थांत लेखी करार व्हावा, प्रत्येकीला तिच्या वाट्याच्या कामाचे पैसे थेट मिळावेत आणि समन्वयकाचा पगार करारात सगळ्यांनी मान्य केलेल्या एका संस्थेकडे जावा.

दुसरा आक्षेप समाजाबाहेरून येतो : धर्माच्या नावाने संस्थांना एकत्र करणे म्हणजे फुटीरपणाला खतपाणी नाही का? प्रामाणिकपणे विचारलेल्या या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. नेतृत्व कुणाचे आणि लाभ कुणाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयकर कायदाच एका विशिष्ट धर्मसमुदायाच्या लाभासाठी काढलेल्या धर्मादाय न्यासाला करसवलत नाकारतो, त्यामुळे बहुतेक नव्या संस्थांना सर्वांसाठी दार उघडे ठेवावे लागते. पुण्याचा आझम कॅम्पस चालवणाऱ्या संस्थेने तर आपल्या नावातच ‘कॉस्मोपॉलिटन’ हा शब्द घातला आहे. खरा धोका उलट बाजूला आहे. एकट्या, लहान, हिशेब तपासनीसाची फी परवडत नसलेल्या संस्थेला कंपनीचा दायित्व निधी मिळत नाही, तिचे अहवाल वेळेत जात नाहीत, तिच्याबद्दल संशय घेणे सोपे जाते आणि ती मोहल्ल्यातच कोंडून राहते. दहा संस्थांनी मिळून एक चांगला लेखापाल नेमला तर कागद स्वच्छ राहतात आणि बाहेरच्या जगाशी बरोबरीने बोलता येते. मोठ्या कंपन्यांनी २ टक्के नफा सामाजिक कामावर खर्चण्याचा नियम २०१४पासून लागू आहे. त्या पैशापर्यंत पोचण्याची वाट अशा सामायिक कचेरीतूनच जाते.

तिसरा आक्षेप मात्र निधी देणाऱ्यांनी स्वतःला विचारावा असा आहे : पैशाच्या जोरावर घडवलेले सहकार्य हे सहकार्य असते का? अमेरिकेतला अनुभव इथे बोलका आहे. तिथल्या मुस्लिमांची २०२१मधली जकात सुमारे १.८ अब्ज डॉलर असावी, असा अंदाज इंडियाना विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मांडला आहे. म्हणजे समाज देणारा आहे, संस्थाही बऱ्याच आहेत. तरी २०१७च्या सुरुवातीला चार मुस्लिम संस्थांनी ‘हिंसक अतिरेकाला आळा’ घालण्याच्या सरकारी कार्यक्रमाचे मंजूर अनुदान नाकारले. बायान क्लेअरमाँट या धर्मशिक्षण संस्थेने सोडलेली रक्कम आठ लाख डॉलर होती. लोकांचा विश्वास गमावून मिळणारा पैसा त्यांना नको होता. आपल्याकडेही एखादे फाउंडेशन ‘आधी एकत्र या, मग अर्ज करा’ म्हणू लागले, की आठवड्यात पाच लेटरहेड जोडून आघाडी तयार होईल आणि शेवटचा हप्ता मिळाल्यावर मोडेल. म्हणून जोडीदार संस्थांनीच निवडावेत. सुरुवातीची छोटी रक्कम फक्त बोलणी आणि आखणीसाठी असावी, आणि बोलण्याअंती ‘आमचे जमत नाही’ असा निष्कर्ष निघाला तरी ती वाया गेली असे समजू नये. जमले तर मात्र वर्षभराचा तुकडा देऊन भागणार नाही, चार-पाच वर्षांचा शब्द हवा. संख्येने लहान आणि बोलण्यात परखड अशा महिला संस्थांना करारात बरोबरीचे मत हवे. त्यांच्या अनुपस्थितीत झालेली एकजूट निधी देणाऱ्याने एकजूट मानू नये.

वक्फच्या जमिनींचे काय, असा प्रश्न या चर्चेत हमखास निघतो. सच्चर समितीने देशभरात ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता मोजल्या. त्यांची बाजारभावाने किंमत १.२ लाख कोटी रुपये आणि वार्षिक उत्पन्न अवघे १६३ कोटी. तो खजिना खरा आहे, पण कज्ज्यांत आणि राजकारणात इतका गुंतलेला की तो मोकळा होईपर्यंत थांबणे म्हणजे एक पिढी वाया घालवणे.

त्यापेक्षा हाताशी असलेले एक काम घ्यावे. जकात बहुतेकजण रमजानमध्ये देतात आणि चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१७मध्ये तो मेअखेर सुरू होऊन जूनअखेर संपला. वर्गणीची पेटी उघडली तेव्हा प्रवेशाच्या रांगा लागलेल्याच होत्या. २०२६मध्ये तो फेब्रुवारीतच सुरू होतो, परीक्षा संपायच्या आत. पैसे हातात येतात तेव्हा अर्जदार ठरलेला नसतो. अर्जदार दारात येतो तेव्हा बऱ्याच लहान न्यासांची जकात रेशन किटमध्ये संपलेली असते, कारण ती फार दिवस साठवून ठेवणे त्यांना योग्य वाटत नाही. हे अंतर एकट्या संस्थेला सांधता येणार नाही. पाच-दहा न्यासांनी मिळून जानेवारीतच अर्ज मागवले, फेब्रुवारीपर्यंत पडताळणी उरकली, तर रमजानमध्येच पैसे विद्यार्थ्यांच्या नावे जमा करता येतील, आणि जूनमध्ये उशिरा आलेल्यांसाठी लिल्लाहच्या रकमेतून एक सामायिक थैली ठेवता येईल. यासाठी लागणाऱ्या दोन पगारी माणसांचा खर्च कुणी उचलायचा, एवढे ठरवायला फार वर्षे हाताशी नाहीत. २०३० साली रमजान दोनदा सुरू होणार आहे, एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि एकदा डिसेंबरच्या शेवटच्या. कॉलेजची फी भरायची तारीख मात्र तेव्हाही पावसाळ्यातलीच असेल.